पितळी बटणाची मूठ

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आठ मुलं जमायची आणि जादूच्या बाई त्यांना लबाडी शिकवायच्या. हा शब्द त्यांचाच. "खरं बोलायला घरी शिकवतात, ते तिकडे. इथे लबाडी करायची, पण नीट करायची," असं त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. मग रुमालाच्या दुमडीत आधीच लपवलेली काडी, एका बोटावरून दुसऱ्या बोटावर उडी मारणारं रबर, कापूनही अखंड राहणारी दोरी, असे साधेसुधे खेळ. खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचा वास, मधोमध एक डगमगतं टेबल, आणि मुलांच्या हातून सतत काहीतरी खाली पडल्याचा आवाज.

बाई स्वतः काही जादूगार नव्हत्या. जादूगार त्यांचा नवरा. बत्तीस वर्षं बाई त्याच्या पेटीत शिरल्या, करवतीनं कापल्या गेल्या, गायब झाल्या, पुन्हा हसत बाहेर आल्या, आणि टाळ्या नवऱ्याला मिळाल्या. टाळ्यांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती कमरेची. त्या पेट्यांमध्ये अंगाची घडी घालून घालून ती कायमची कामातून गेली होती.

पण पेटीत शिरणं हे त्यांचं खरं काम नव्हतंच. खरं काम होतं रिकाम्या हाताकडे बघण्याचं. जादूगार वस्तू डाव्या हातात लपवायचे आणि बाई उजव्या हाताकडे अशा काही कौतुकानं बघायच्या की अख्खं सभागृह तिकडेच डोळे लावून बसायचं. मुलांनाही त्या सगळ्यात आधी हेच शिकवत. हातांना आठ दिवसांत वळण लागतं, डोळ्यांना वर्ष लागतं. वस्तू ज्या हातात आहे त्या हाताकडे मेलं तरी बघायचं नाही.

आता जादूगार घरी असत. म्हणजे देहानं असत. दोन वर्षांपूर्वी ते पत्त्यांची नावं विसरायला लागले, मग माणसांची, मग खोल्यांची. डॉक्टरांनी त्यांना तारीख विचारली तेव्हा ते नुसतं गोड हसले होते. "तारीख मलाही आठवत नाही," बाई मध्येच म्हणाल्या होत्या, आणि लेकीनं त्यांना टेबलाखालून पाय मारला होता.

लेक दुसऱ्या गावात राहायची. वाईट नव्हती, उलट सगळं धावून करणारी. तिनंच एक वृद्धाश्रम शोधला, स्वच्छ, बागेचा, अशाच माणसांसाठीचा. अर्ज आणून दिला. तो सहा महिने फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता आणि बाई त्याच्याकडे न बघता आतलं दूध काढत होत्या. शेवटी लेक हट्टालाच पेटली. बाबांनी दोनदा गॅस उघडा टाकला होता. एकदा ते एका पायात चप्पल घालून चौकापर्यंत गेले होते. तेव्हा बाईंनी एक सौदा केला.

जादूगारांच्या स्टेजवरच्या कोटाचं एक पितळी बटण घरात होतं. रोज दुपारी चहाच्या वेळी बाई ते मुठीत लपवत आणि दोन्ही मुठी पुढे धरत. कुठल्या मुठीत, ते जादूगारांनी सांगायचं. तीन डाव. जन्मभर त्यांना कुणी हातचलाखीत फसवू शकलं नव्हतं. समोरच्याचा अंगठा जरा आखडला तरी त्यांना कळायचं. "ज्या दिवशी तीनही डाव हुकतील," बाई लेकीला म्हणाल्या, "त्या दिवशी मी सही करेन. तोवर ते आत आहेत असं मी धरणार."

लेकीनं मान्य केलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "ओळखली?" एवढंच विचारायची. आणि बाई रोज सांगायच्या, "ओळखली. तीनही." आवाजात असा तोरा की जणू मुलगा बोर्डात पहिला आलाय.

खोटं नव्हतंच ते. जादूगार खरोखरच ओळखत. सकाळपासून बाईंना "अहो बाई, माझी बायको कुठं गेली?" असं विचारणारा माणूस मुठी समोर आल्या की सरसावून बसायचा. बाईंच्या तोंडाकडे क्षणभर बघायचा आणि बरोबर मुठीवर टिचकी मारायचा. "ही गं," म्हणायचा. त्या 'गं'साठी बाई अख्खा दिवस ढकलत होत्या, हे लेकीला काय सांगणार?

असं वर्ष गेलं.

त्या शनिवारी वर्गात नवीन मुलं होती, म्हणून बाईंनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. खडू मुठीत लपवला आणि हात पुढे केले. पहिल्या मुलानं ओळखलं. दुसऱ्यानं ओळखलं. तिसरीनं, चौथ्यानं, एकामागून एक सगळ्यांनी. हसून हसून पोरं बाकावर आडवी व्हायची वेळ आली. बाई गोंधळल्या. बत्तीस वर्षं मोठमोठ्या सभागृहांच्या डोळ्यांत धूळ फेकलेली बाई, आणि आज ही दुधाचे दात पडलेली मंडळी तिला चीत करत होती.

"कसं रे कळतंय तुम्हाला?"

पुढच्या बाकावर एक मुलगी बसायची. जे सांगाल ते टिपून घ्यायची, म्हणून बाईंनी तिचं नाव टीपकागद ठेवलं होतं. ती म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगता की."

"मी? मी कुठं बोलले?"

"बोलत नाही, बघता. आधी खडूच्या मुठीकडे बघता, मग आमच्याकडे. मागच्या महिन्यातपण असंच करत होता." आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिनं घाईनं पुढे जोडलं, "मी मुद्दाम चुकीचं सांगायचे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बाई हसल्या. शाबास म्हणाल्या. मुलांना रबराच्या खेळाला बसवलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांना वळण लागायला वर्ष लागतं, हे त्याच तर सांगत होत्या. आणि वर्षभर रोज दुपारी, नवरा जिंकावा म्हणून, त्यांच्या डोळ्यांनी नकळत हे दुसरंच वळण लावून घेतलं होतं. जादूगार मूठ ओळखत नव्हते. ते बाईंचे डोळे वाचत होते.

घरी जाताना त्यांनी स्वतःला बरंच समजावलं. पोर काहीही बोलतं. खडू मोठा असतो, मूठ फुगते. जिने चढताना कंबर धरून त्या मध्येच थांबल्या आणि मनाशी म्हणाल्या, आज नीट खेळून बघू, म्हणजे शंका मिटेल.

शेजारीण जादूगारांपाशी बसली होती, ती उठून गेली. बाईंनी चहा केला. बटण घेतलं. मुठी पुढे धरल्या आणि डोळे नवऱ्याच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर रोवले, स्टेजवर रोवायच्या तसे. चेहऱ्यावरची माशी हलू दिली नाही.

जादूगारांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग डाव्या मुठीवर टिचकी मारली. रिकामी.

दुसरा डाव. या वेळी त्यांनी जास्त वेळ बघितलं. पुन्हा रिकामी.

तिसऱ्या डावाला त्यांनी हात उचललाच नाही. ते बाईंचा चेहरा शोधत राहिले. अंधारात दिव्याचं बटण चाचपडावं तसे त्यांचे डोळे तिथं फिरत होते, आणि काहीच लागत नव्हतं. "बाई," ते म्हणाले, "मी घरी जाऊ का? माझी बायको वाट बघत असेल."

बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी सरळ उजव्या मुठीकडे बघितलं, चांगलं मान वळवून. वर्गातल्या सगळ्यात ढ पोरानंही इतकं उघड बघितलं नसतं.

टिचकी लगेच आली. "ही गं," जादूगार हसून म्हणाले. "इतकं सोपं? म्हातारी झालीस तू."

"झाले खरी," बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

संध्याकाळी फोन वाजला. "ओळखली?" लेकीनं विचारलं.

हो म्हणायला काय लागत होतं? जन्म लबाडीत गेला होता. पण काल जादूगारांना आंघोळ घालताना कंबर भरली होती, आणि बाई पट्टा बांधून उभ्या होत्या. रात्ररात्र दाराची कडी तपासून त्यांचा मेंदू भुगा झाला होता, आणि आपण अजून किती दिवस काढू हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. "नाही," त्या म्हणाल्या. म्हणाल्या आणि त्यांना हलकं वाटलं. एकच क्षण, पण वाटलं. त्या एका क्षणाबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

मग त्या भराभर सांगायला लागल्या. "पण ऐक, त्यांना माझे डोळे कळतात. तेवढं कळतं त्यांना अजून. मी बघितलं की बरोबर कळतं."

पलीकडे लेक रडत होती. "आई, ते ओळखणं नाही गं. आपलं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. बाईंनी चुंबक बाजूला सरकवला आणि फ्रिजला टेकूनच सही केली.

वृद्धाश्रम खरंच स्वच्छ होता. जादूगारांची खोली बागेच्या बाजूची, पांढरी चादर, खिडकीला गज. त्या मजल्यावर बारा माणसं आणि दिवसा एक सेविका. चाळिशीची, जाड चष्म्याची, कामाच्या ओझ्याखालीही गोड बोलणारी. बाईंनी तिला गोळ्यांची वेळ सांगितली, चहात साखर किती ते सांगितलं. मग पर्समधून पितळी बटण काढून तिच्या हातावर ठेवलं.

"हे रोज दुपारी मुठीत लपवायचं. तीनदा."

"हो आजी, खेळू की आम्ही."

"आणि एक करायचं. ज्या मुठीत बटण असेल ना, तिच्याकडेच बघायचं."

सेविका हसली. "अहो, मग त्यांना कळेलच की लगेच."

"कळू दे," बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाला हा खेळ चुकीचा शिकवत होत्या. "नीट बघायचं. आधी मुठीकडे, मग त्यांच्याकडे. आत्ता करून दाखव मला."

सेविकेनं खुर्ची ओढली, जादूगारांसमोर बसली आणि मुठी पुढे धरल्या. सांगितल्याप्रमाणे उजव्या मुठीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. पुन्हा मुठीकडे. बिचारी मनापासून करत होती.

जादूगारांनी तिच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, दारापाशी, जिथं बाई पर्स घेऊन निघायच्या तयारीत उभ्या होत्या. तिथं जाऊन ती थांबली आणि वाट बघत राहिली.

बाईंनी सेविकेच्या उजव्या मुठीकडे बघितलं.

"ही गं," जादूगार म्हणाले आणि टिचकी मारली.

सेविकेला वाटलं ते तिच्याशीच बोलले. "बघा, जमलं की आजोबांना!" ती आनंदानं म्हणाली. "तुम्ही उगाच काळजी करता. उद्यापासून रोज खेळत जाऊ."

बाईंनी मान हलवली. परतीच्या गाडीची वेळ झाली होती.