मिस्त्रीचं नाक

मित्रांनो, मी एक म्हातारा कटर आहे. पेट्रोल पिणारा, पट्टीवरच्या दातेरी साखळीनं झाडं कापणारा. पुस्तकात मला चेनसॉ म्हणत असतील. तलवाड्यात आणि सगळ्या गेवराई तालुक्यात मला कटरच म्हणतात. माझी गोष्ट जेवताना वाचू नका. जेवण झालं असेल तरी ते जरा खाली उतरू द्या.

माझा जन्म लांबच्या एका थंड देशात झाला. तिथं माणसं हातमोजे घालून मला हात लावत. ते थंडीमुळं असं मला वाटायचं, पण आता कळतं, ती स्वच्छतेची रीत होती. मग खोक्यात बसलो, बोटीत बसलो, आणि पस्तीसेक वर्षांपूर्वी एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तलवाड्यात उतरलो. सोमेश्वर नावाच्या लाकडाच्या ठेकेदारानं मला आणलं होतं. हातमोज्यांचा विषय तिथंच संपला.

कामाला मात्र मी वाघ होतो. मी कडुलिंब कापताना भुसा असा उडायचा, की पलीकडच्या वस्तीवरची माणसं धुकं आलं म्हणून शेळ्या आत घ्यायची. गोदावरीच्या पुरात वाहून आलेलं एक खोड मी इतक्या झपाट्यानं कापलं, की खोडाचे दोन तुकडे झालेत हे त्यावर बसलेल्या बगळ्याला दुपारी कळलं. यात खोटं असेल तर माझ्या साखळीचा दात न दात झडो. लोक लांबून मला बघायला यायचे आणि सोमेश्वरची छाती फुगायची.

पण मला खायला काय घालायचे ते ऐका. साखळीला चांगलं ऑईल लागतं. मला मिळायचं ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑईल, काळं, चिकट, बैलाच्या नाकातून गळावं तसं. एकदा तेही संपलं. तेव्हा सोमेश्वरच्या सिदू नावाच्या गड्यानं कढईतलं भजी तळून उरलेलं तेल माझ्यात ओतलं. आठ दिवस माझ्या अंगाला मिरचीच्या भज्यांचा वास येत होता आणि गावातली बारा कुत्री माझ्या मागं हिंडत होती. मी एवढ्या मोठ्या घरचा, थंड देशातला! शी.

मग नवा हलका कटर आला आणि मला कोंबड्यांच्या खुराड्यात टाकलं. दहा वर्षं, मित्रांनो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. बसून जे करायचं ते करायच्या. माझ्या फुटक्या झाकणातून एक अंडं आत घरंगळलं, फुटलं आणि आतच नासलं. हवा गाळायच्या डबीत एका उंदरीणबाईनं संसार थाटला, पिल्लं काढली, आणि पुढं म्हातारपणी तिथंच जीव सोडला. सायलेन्सरमध्ये काय होतं ते सांगत नाही. तुम्ही लहान आहात. एकदा एक कावळा माझ्या मुठीवर बसला आणि चक्कर येऊन खाली पडला. कावळा! ज्याला कशाची म्हणून किळस येत नाही, तो.

नवा कटर चिंचेच्या एका खोडात अडकून जळाला, तेव्हा सोमेश्वरला माझी आठवण झाली. गेवराईच्या तीन मिस्त्र्यांनी मला दारातूनच परत लावलं. एकानं तर दुकानाच्या पायरीवर पाणी मारून घेतलं. मग कुणीतरी नेकनूरच्या राधाकिशन मिस्त्रीचं नाव सांगितलं. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुने कटर दुरुस्त करतो, आणि मशीन जितकं जुनं तितका तो खुश, असं म्हणत.

राधाकिशन स्वतः तलवाड्याला आला. त्यानं मला उचललं, उलटं केलं आणि सायलेन्सरच्या भोकाला नाक लावून आत बघितलं. सोमेश्वरची बायको साखराबाई पदर तोंडाला लावून चार पावलं मागं सरली. राधाकिशनच्या कपाळावर साधी आठी नव्हती. सोमेश्वर हात जोडून म्हणाला की याला म्हणतात कामावरची माया. माझंही तेच मत झालं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं जवळ घेतलं होतं.

बसमध्ये त्यानं मला पिशवीत घालून मांडीवर ठेवलं. गेवराईला साठ माणसं होती. बीडला पोचेपर्यंत आम्ही दोघं आणि ड्रायव्हर उरलो. ड्रायव्हरचाही इलाज नव्हता म्हणून. कंडक्टर दारात लोंबकळत होता. तिथूनच त्यानं विचारलं, "बाबा, पिशवीत काय मेलंय?"

"मशीन हाय," राधाकिशन म्हणाला.

"मशीन मेलंय व्हय?"

नेकनूरला त्याची बायको छबुबाई दारात उभी होती. गळ्यात तुळशीची माळ, हातात झाडू. तिनं मला बघितलं नाही, आधी हुंगलं. मग झाडूनंच शेड दाखवली आणि सांगितलं, की हे धूड घराच्या चौकटीला लागलं तर ती चौकट गोमूत्रानं धुवावी लागेल आणि ती मिस्त्रीनं धुवायची. मला राग आला. तिच्याविषयी मी मनात जे बोललो ते आज मागं घेतो.

शेडमध्ये राधाकिशननं मला सुटं केलं. उंदरीणबाईंचा घरसंसार बोटांनी उचलून बाहेर टाकला. नासलेल्या अंड्याचा थर सुरीनं खरवडला. आतली काजळी लाकडी काडीनं काढली, कारण लोखंड लावलं तर मला ओरखडे पडतील. गंजलेले स्क्रू चार-चार दिवस डिझेलमध्ये भिजवले, एकही तोडला नाही. गोल कानशीनं साखळीचा दात न दात मोजून तीन-तीन वेळा घासला. कार्बोरेटरमध्ये पातळ रबरी पडदा असतो. तो त्यानं नवा कापून बसवला. फक्त पेट्रोलची नळी काही मिळेना. तेव्हा तेवढ्यापुरती म्हणून त्यानं सलाईनची नळी लावली.

आणि एक दिवस मला त्याचं गुपित कळलं. कोपऱ्यात दोन सारखे कॅन होते, एकात पेट्रोल, एकात रॉकेल. त्यानं एक कॅन उघडून नाकाशी धरला. दुसरा धरला. परत पहिला धरला. मग इकडंतिकडं बघून त्यानं बोट बुडवलं आणि चाटलं. थुंकला, आणि दुसऱ्या कॅनचंही चाटलं.

मित्रांनो, मी कोंबड्यांत दहा वर्षं काढली आहेत, पण तेवढी शिसारी मला कधी आली नव्हती. शिसारी चाटण्याची कमी, माझ्या मूर्खपणाची जास्त. याची माझ्यावर माया-बिया काही नव्हती. याला वासच येत नव्हता!

मिस्त्रीचं निम्मं काम नाक करतं. तेल जळतंय, पेट्रोल गळतंय, वायर तापतीय, हे सगळं आधी नाकाला कळतं. ते नसताना राधाकिशन पेट्रोलच्या कॅनांमध्ये बसून काम करत होता आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. मला कळत होतं, पण मला कुठं तोंड आहे? आणि जे आहे ते सुटं होऊन पाटावर पडलेलं.

मी जोडला गेलो तो खंडेनवमीच्या दिवशी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. राधाकिशननं मला पुसलं, पाटावर बसवलं, शेजारी नट आवळायचे पाने, हातोडी, कानशी मांडल्या. हळद-कुंकू लावलं. थोडं कुंकू माझ्या हवेच्या डबीत गेलं. जाऊ द्या, उंदरापेक्षा बरं. झेंडूची माळ घातली. मग पुढ्यात निरांजन ठेवून पेटवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

सलाईनची नळी पेट्रोलनं मऊ पडली होती. माझ्या पोटातून एक थेंब पाटावर पडला. दुसरा पडला. मग धार लागली, पाटाच्या चिरेतून हळूहळू निरांजनाकडं निघाली. अख्ख्या शेडमध्ये वास कोंदला, आणि तो डोळे मिटून श्लोक म्हणत होता. घाईतला नव्हे, सगळी कडवी.

तेवढ्यात नैवेद्याचं ताट घेऊन छबुबाई आली. शेडच्या दारात ती नेहमीसारखी नाकाला पदर लावायला थांबली. पदर अर्ध्यात राहिला. तिनं पुढं येऊन ताटातली कटाची आमटी, वाटीसकट, निरांजनावर उपडी केली. वात चर्रर करून विझली. उरलेली आमटी माझ्या कार्बोरेटरात गेली. पेट्रोल निरांजनापासून दोन बोटांवर थांबलं होतं.

राधाकिशननं डोळे उघडले. आमटी का सांडली, असं त्याच्या तोंडावर होतं.

"वास आला न्हाई का तुमाला?" छबुबाईनं विचारलं.

"आला की. म्हणलं, जरासाच हाय."

 ती त्याला निरखून बघत मागं सरली, आणि दार सताड उघडं टाकून निघून गेली.

दसऱ्याला दुपारी ती परत आली. हातात फडकं बांधलेली वाटी होती, आणि ती तिनं अंगापासून हातभर लांब धरली होती. म्हणाली, की शेजारच्या सुरेखानं नवा आंबेमोहोर तांदूळ दाखवायला दिलाय, दिवाळीला घ्यावा का ते वासावरून सांगा. राधाकिशननं वाटी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"लई झ्याक," तो म्हणाला. "घ्या दहा किलो."

छबुबाईनं फडकं सोडलं. आत सुकट होती. सुरेखाच्या घरातली, खारवलेली, गेल्या पावसाळ्यापासूनची सुकट. तो वास नुसता आठवला तरी माझी साखळी सैल पडते. माळकरी बाईनं ती स्वतःच्या हातानं आणली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वासानं की कशानं, हे मी सांगू शकत नाही.

"कवापासून?"

राधाकिशननं बराच वेळ कानशी पुसली. मग म्हणाला, "कोरोनात ताप आलता ना मला. तवापासून."

"चार वर्सं? आन् बोलला न्हाईत?"

"मिस्त्रीचं नाक गेलं म्हणल्यावर मशीन कोण आणून देईल गं? रिकामा बसून काय करू मी?"

ती दाराच्या चौकटीला टेकली. मग एकदम ताठ झाली. "थांबा. मी रोज कालवण केलं की तुमी म्हणता, काय वास सुटलाय. ते?"

त्यानं मान खाली घातली. "फोडणीचा आवाज आला की म्हणायचो."

छबुबाईनं वाटी उचलली आणि गेली.  पुढचे दोन दिवस घरातल्या भांड्यांचा आवाज मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत जात असावा. राधाकिशननं त्या दोन दिवसांत माझ्यातली आमटी काढली, बीडला जाऊन पेट्रोलची खरी नळी शोधून आणली, कॅनांना वेगवेगळे रंग दिले आणि सगळे शेडच्या बाहेर नेऊन ठेवले. निरांजनाची जागाही बदलली. पण मला सुरू करायला तो धजेना. पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू किती फिरवायचा हे धुराच्या वासावरून ठरतं, आणि चुकलं तर माझं इंजिन जळणार. इंजिन सुरू करायची दोरी हातात घ्यायचा आणि सोडून द्यायचा. 

तिसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई आली. नाकावर पदर, कपाळावर आठ्या. तिनं पाट ओढला आणि माझ्यापासून चार हातांवर बसली.

"वडा दोरी," ती म्हणाली. "आन् सांगा काय हुंगायचं."

त्यानं मला आणि पाठोपाठ तिचा पाट अंगणात आणून दोरी ओढली. नवव्या वेळी मी खोकलो, ठसकलो, आणि दहा वर्षांचा काळा धूर सोडला. छबुबाईनं पदर बाजूला करून हुंगलं आणि शेजारीच ओकारी काढली. तोंड पुसून म्हणाली, "कच्चं हाय. रॉकेलवानी." राधाकिशननं स्क्रू पाव फेरा आवळला. "आता करपलं. लसूण जळाल्यावानी." त्यानं जरासा सैल केला. बराच वेळ हे चाललं होतं. ती सगळं स्वयंपाकघरातलं सांगत होती आणि त्याला सगळं कळत होतं. कच्चं म्हणजे पेट्रोल जास्त, करपलं म्हणजे कमी. शेवटी ती हुंगत राहिली, हुंगत राहिली, आणि म्हणाली, "घाण हाय. पण आता बरोबर घाण हाय."

मी तासभर चाललो. खोटं नाही सांगत, त्या आवाजानं नेकनूरच्या बाजारातली म्हैस विकणारी माणसं बोली विसरली.

सोमेश्वर न्यायला आला तेव्हा त्यानं माझं चालणं ऐकलं, मला हुंगून बघितलं, आणि मिस्त्रीच्या नाकाची स्तुती सुरू केली. छबुबाई चहा घेऊन उभी होती. राधाकिशन एकदा तिच्याकडं बघून म्हणाला, "नाक माझं न्हाई. मला चार वर्सं वासच येत न्हाई. हिनं हुंगून सांगितलं, मी निस्ता स्क्रू फिरीवला."

सोमेश्वर उठून ट्रॅक्टरकडं गेला. राधाकिशनचा चेहरा पांढरा पडला होता. मग सोमेश्वरनं ट्रॉलीतून तो जळालेला नवा कटर उतरवला आणि उचलून छबुबाईपुढं ठेवला. "मग वहिनी, ह्याचं काय झालंय बघा बरं."

तिनं खाली वाकून हुंगलं. "ह्याच्यात तेलच घातलं न्हाई कुणी," ती म्हणाली. "आन् ते म्हातारं परत कोंबड्यांत ठेवलंत तर मी हुंगणार न्हाई, सांगून ठेवते."

म्हणून मित्रांनो, मी आज तलवाड्याला पोत्याच्या कोरड्या खोळीत, भिंतीवरच्या फळीवर आहे. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही कुठंतरी एखादं जुनं मशीन कुजत पडलं असेल. एखादं माणूसही असेल, काहीतरी लपवून गप्प बसलेलं. त्यांच्याजवळ जाल तेव्हा वास येईल, किळस येईल, ओकारीसुद्धा येईल. नाक खुशाल मुरडा. पण पाट ओढून बसा, आणि काय वास येतोय ते खरं सांगा.