शेठच्या मानेवरचा दगड

रविवारी सकाळी बाजारामागच्या मैदानात कुत्र्यांची रांग लागायची. साखळीला बांधलेली, कडेवर घेतलेली, टोपलीत बसवलेली. रांगेच्या टोकाला दगडवाले बाबा. कुत्र्याच्या मानेवरचे चार केस कापायचे, ओला बोळा फिरवायचा आणि बोटाएवढा काळा दगड टेकवून हात काढून घ्यायचे. दगड तसाच चिकटून राहायचा! कुत्र्याने मान झटकली तरी पडायचा नाही. थोड्या वेळाने आपोआप गळायचा. मग बाबा तो दुधाच्या वाटीत टाकायचे आणि दुधातून बुडबुडे यायचे.

"बघा, विष कसं ओरडतंय!" बाबा म्हणायचे. "आता वर्षभर पिसाळायचा नाही. सुईवाले आत घालतात, मी आतलं बाहेर काढतो. तुम्हीच सांगा, घालणारा बरा की काढणारा?"

लोक माना डोलवायचे. आम्ही नवराबायकोही.

आमच्या कुत्र्याचं नाव शेठ. पोट पुढे काढून दारात बसायचा, म्हणून. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे हिचा त्याच्यावर फार जीव.

मैदानाला लागूनच जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई एकदा फाटकाशी येऊन म्हणाल्या, "काका, आलाच आहात तर लस टोचून न्या. दोन मिनिटांचं काम."

"आमचा घरातला आहे हो," मी म्हणालो. "त्याला कुठून रेबीज व्हायला?"

"घराला दार आहे ना?"

ही मध्येच म्हणाली, "मागे सुई दिली तर दोन दिवस माझ्याकडे बघत नव्हता. रुसला होता. दगडाने निदान दुखत तरी नाही."

"बाळ रुसतं म्हणून कोणी लस चुकवतं का, काकू?"

आम्ही हसून पुढे गेलो.

काही महिन्यांनी शेठ रस्त्यावरच्या एका कुत्र्याशी भांडून आला. ओठ फाटला होता. महिनाभराने तो खाईनासा झाला, पलंगाखाली जाऊन बसायला लागला. हिने ताटली पुढे सरकवली, तर अंगठ्याला चावला.

"असू दे हो, बरं नाहीये त्याला," ही म्हणाली. चिंधी बांधून आम्ही बाबांकडे गेलो. दगड अंगठ्याला घट्ट बसला. मी बोटाने हलवून पाहिला, हलेना.

"हॉस्पिटलात जाऊन यायचं का?" वाटेत हिने विचारलं.

"चिकटला ना दगड? मग आता कशाला?"

हे मी म्हणालो.

चौथ्या दिवशी शेठ मेला. बाबा म्हणाले, "मालकिणीचं संकट त्याने अंगावर घेतलं." ही खूप रडली. मला ते खरं वाटलं.

दीड महिन्याने हिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग पाणी गिळवेना. तहान लागलेली असायची, पण पेला दिसला की घसा आवळायचा. हॉस्पिटलातले डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "आता उपाय नाही. चावला त्याच दिवशी आणलं असतं तर..." तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला घोटभर पाणीसुद्धा मला पाजता आलं नाही.

नंतर डॉक्टरीणबाई घरी आल्या. शेठची लाळ मला लागली होती का, हे विचारायला. मलाही इंजेक्शनं घ्यायला लावली.

"पण दगड चिकटला होता हो," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिला."

"काका, कौलांच्या कारखान्यात तुमचं काम काय?"

"भाजलेली कौलं तपासतो."

"कशी?"

"जिभेला लावून. कच्चं राहिलेलं कौल ओल ओढतं आणि जिभेला..."



तीस वर्षं रोज माझ्या जिभेला कौलं चिकटतायत. त्यात मला कधी चमत्कार दिसला नाही. बाईंनी सांगितलं, असले दगड म्हणजे भाजलेलं हाड. बारीक छिद्रांचं, कोरडं. ओल ओढतं तोवर चिकटतं, ओढून झाली की सुटतं. दुधात टाकलं की छिद्रांतली हवा बाहेर येते. विष नव्हे, हवा.

पुढच्या रविवारी मी कच्च्या राहिलेल्या कौलाचे तुकडे घेऊन मैदानात गेलो. एक ओल्या हाताला चिकटवून दाखवला. दुसरा बाबांच्याच वाटीत टाकला. बुडबुडे आले.

"कौल पण पिसाळतं का हो, बाबा?" मागून कोणीतरी ओरडलं.

"दुःखाने याचं डोकं फिरलंय," बाबा म्हणाले. "याला घरी न्या."

"फिरलंय खरं," मी म्हणालो. "पण तुकडा चिकटलाय."

एक गृहस्थ चिडले. "सात वर्षं हाच दगड लावतोय. आमचा कुठे पिसाळलाय?"

"आमचाही पिसाळला नव्हता. पिसाळेपर्यंत."

काही लोक रांगेतून निघाले, बरेचसे तिथेच राहिले. पिल्लू घेतलेली एक मुलगी माझ्याबरोबर दवाखान्यात आली. सुई टोचताना तिला बघवेना, म्हणून पिल्लू मी धरलं.

कुत्रं घरातलं असो की दारातलं, त्याला वेळच्या वेळी लस द्या. चावलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. समोर कितीही नवल दिसलं, तरी ते का होतं हे आधी विचारा.

ही सत्तेचाळीस वर्षांची होती. तिला दुसरा कुठलाही आजार नव्हता.