‘हं’ शिकवणाऱ्या मुलीचा हेडसेट

‘थांबा हं काकू, बघते!’

मित्रांनो, हा आवाज पहिल्यांदा माझ्यातून गेला तेव्हा मी कोराकरकरीत होतो. आता मी एक जुना हेडसेट आहे. एका कानाची गादी फाटलेली, वायरला चिकटपट्टी. पण तो आवाज माझ्यात अजून घुमतो. तो यशश्रीचा होता. बंगळुरातल्या एका कॉल सेंटरात मिक्सर-फ्रीजच्या तक्रारी ऐकायच्या, ही तिची पहिलीच नोकरी.

काय दिवस होते ते! कान माझे, ऐकणं तिचं; ओठ तिचे, पोचवणं माझं. चिडून फोन केलेलं माणूस तिच्या त्या ‘हं’नं निवळायचं. सांगलीच्या एका आजींनी तर मिक्सर राहू दे बाजूला म्हणत तिला स्थळच सुचवलं होतं. साहेब हसायचे, “हिच्या ‘हं’ला वेगळा पगार द्यायला हवा.”

मग एक मशीन आलं. त्याला मराठी येत होतं, पण सरकारी पाटीवरचं. ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे,’ एवढंच म्हणायचं. साहेबांनी यशश्रीला नवं काम दिलं : मशीनचे फोन ऐकायचे आणि ते कुठे चुकतं ते दाखवायचं. तिला वाटलं, बढतीच झाली. तिनं जीव ओतून शिकवलं. काकू कुणाला म्हणायचं, मावशी कुणाला, आणि ‘हं’ नेमकं कुठे घालायचं. एका सकाळी मशीन माझ्यातून म्हणालं, ‘थांबा हं काकू, बघते.’ यशश्रीनं टाळी वाजवली. मला मात्र कसंसंच झालं.

थोड्याच दिवसांत सगळ्या मुलींना घरी पाठवलं. लॅपटॉप काढून घेतले. माझी फाटकी गादी बघून मला तिच्याकडेच राहू दिलं.

बंगळुरातल्याच मल्लेश्वरमच्या घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. “आता घरूनच काम,” म्हणाली. तेव्हापासून ती रोज दार लोटते, मला डोक्यावर चढवते आणि बसून राहते. माझी वायर तिच्या मांडीवर पडलेली असते, कशालाच न जोडलेली. ती नोकऱ्या शोधते. उत्तर ठरलेलं : नवख्यांची कामं आता मशीन करतं, आम्हाला अनुभवी माणूस हवा. अनुभव कुठून आणायचा, ते कुणी सांगत नाही. एका मुलाखतीत तर प्रश्नही मशीननंच विचारले, अगदी गोड आवाजात.

बाहेर तिचे वडील, अण्णा, शेजारच्या वादिराजांना दटावतात, “स्वल्प हळू बोला हो! पोरीची मीटिंग चाललीय.”

“रोजच मीटिंग? मग काम कधी करते?”

“मोठ्या पोस्टवर असंच असतं!”

हे ऐकून यशश्री आत रिकाम्या हवेला कानडीत होकार देते, “सरी सर, करते.” ती माझ्यात कोंडलेली आणि मी तिच्या डोक्यावर. पिंजरा पाहिला की लोकांना कळतं, हा पिंजरा आहे. मला पाहून त्यांना वाटतं, पोरगी कामात आहे.

काल अण्णा दार ढकलून थेट आत आले. चेहरा फुललेला. “यशू, निपाणीहून सिद्धीचा फोन होता.” सिद्धी ही तिची आतेबहीण, तिथल्या शाळेत शिकवते. “मी म्हटलं, सोड ती शाळा, यशू तुला तिच्या ऑफिसात लावेल. उद्याच राजीनामा देतेय. तू फक्त साहेबांच्या कानावर घाल.”

यशश्रीनं सवयीनं माझी माइकची दांडी ओठांशी ओढली. अण्णांना वाटलं, फोन चालू आहे. जीभ चावून, ओठांवर बोट ठेवून ते चोरपावलांनी मागे वळले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आम्हाला कानावर चढवून तासन्‌तास बसत असेल, तर असे मागे वळू नका. जरा टेका तिच्याशेजारी. आमची गादी फाटली तर नवी मिळते, माणसाची विचारपूस मात्र माणसानंच करायची असते.

अण्णा दाराशी पोचले. यशश्रीनं मला डोक्यावरून उतरवलं आणि पलंगावर ठेवलं.

“अण्णा, जाऊ नका. सिद्धीला आत्ताच्या आत्ता फोन लावा. शाळा सोडू नको म्हणावं.”

“का गं? तुझे साहेब...”

“साहेब नाहीत. ऑफिसही नाही. दिवाळीआधीच काढलं मला. मी इथे कुणाशीच बोलत नसते, अण्णा.”