हिरवं पाणी

शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या बाथरूमचं छत गळायला लागलं. त्यांनी खाली बादली ठेवली आणि वर जाऊन बेल वाजवली. वर निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांची बायको राहत. सगळी इमारत त्यांना सर आणि बाई म्हणे.

"आमची फरशी ठणठणीत आहे," सर दारातूनच म्हणाले. "गळतोय तो सामाईक पाइप. ते सोसायटीचं काम."

सेक्रेटरी म्हणाले, "पाइप असेल तर आम्ही करू. सरांच्या फरशीतून झिरपत असेल तर सरांनी करावं. आधी ठरवा कुठून येतंय."

म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. छताचे पोपडे मात्र कुणासाठी थांबेनात. जिन्यात समोरासमोर आले, की सर आणि मावशी दोघंही भिंत बघत चालत.

एका सकाळी बाईच खाली आल्या. "कापड रंगवायचा रंग आहे का हो? लाल नको, बघवणार नाही."

मावशींनी हिरवी पुडी दिली. बाईंनी वर जाऊन आपल्या बाथरूमच्या जाळीत बोळा कोंबला, फरशीवर हिरवं पाणी साठवलं आणि सरांना बिनअंघोळीचं बसवलं. दुपारी मावशींच्या छतातून हिरवा थेंब पडला.

"अहो, खाली या," बाईंनी हाक मारली. "आपलंच आहे!"

सर हात मागे बांधून बराच वेळ छताकडे बघत राहिले. "हिरवंच आहे," ते शेवटी म्हणाले. "उद्याच गवंडी बोलावतो."

फरशी उखडली, तसा अंघोळीचा प्रश्न आला. सर म्हणाले, "धाकट्या भावाकडे जाऊ."

"गावाच्या दुसऱ्या टोकाला? काहीतरीच!" मावशी म्हणाल्या. "माझी बाथरूम आहे की. आता तर गळतही नाही."

मग रोज सकाळी सर खांद्यावर टॉवेल टाकून खाली येऊ लागले. बाई मावशींना बटणं लावू लागत आणि सर मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बातम्या वाचून दाखवत. एकट्या राहणाऱ्या मावशींचं घर सकाळीच भरून जाई.

काम संपलं. "आता तुम्हाला त्रास नाही," सर म्हणाले. मावशी "बरं" म्हणाल्या, पण त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बेल. दारात सर ब्रश घेऊन, मागे बाई रंगाचा डबा घेऊन.

"तुमचं छत आमच्यामुळे बिघडलं. रंगवायचंही आम्हीच."

मावशींनी स्टूल धरलं. "डावीकडे राहिलं, सर."

"दिसतंय मला."

"चष्मा खिशात आहे तुमचा."

बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या, की स्टुलावरचे सरही हसू लागले.