बंधाऱ्यावरचा दोर

मी दोर बोलतोय. काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड. म्हातारा झालोय, पण हटलेलो नाही.

मला वळलं ते होडी बांधायला. धरमतरच्या खाडीत किती भरत्या-ओहोट्या झेलल्या! मग होडीला नायलॉनचा दोर आला आणि मी वडखळच्या भंगारवाल्याकडे जाऊन पडलो. तिथून गडबचे शेतकरी हैबतराव यांनी मला पेंढ्याचे भारे आवळायला नेलं. वापरलेला खिळासुद्धा सरळ करून पुन्हा ठोकणारा माणूस तो!

पावसाळ्यात गावच्या बंधाऱ्याला ओंडका अडकला. तो ओढायला हैबतरावांनी मला वरच्या लोखंडी कडीला बांधलं. ओंडका सुटला, आणि माणसांची रीतच ती, दोर तिथंच विसरला.

भिंतीवरून लोंबत मी भिजत राहिलो. एके दिवशी अंगाला गुदगुल्या झाल्या. बोटाएवढी अहिराची पिल्लं माझ्या काथ्यात अंग रोवून वर चढत होती! अहीर म्हणजे सापासारखा लांब मासा. जन्मतो समुद्रात, वाढायला नदीत येतो. बंधारा झाल्यापासून त्या गुळगुळीत भिंतीवरून बिचारी घसरून पडत.

खाली कपडे धुणाऱ्या चिमाला ती दिसली. चिमा वरच्या कातकरवाडीतली. बंधारा झाल्यावर तिच्या वाडीला अहीर दिसलाच नव्हता.

"काळू, धाव रं! अहीर चढतोय!" तिनं नवऱ्याला हाक मारली.

तेवढ्यात हैबतराव मला न्यायला आले. चिमा आडवी उभी राहिली.

"दादा, दोर तुमचाच हाय. पन आज सोडू नका."

"मग माजे भारे काय तुज्या माशांनी आवळू गो?"

कुरकुरत ते वाकले, चढणारी पिल्लं पाहिली, आणि मला तसाच ठेवून गेले.

बंधाऱ्यामागं साठलेल्या तळ्यातल्या मासेमारीचा ठेका नितेशकडे होता. "अहीर माझी रोहूची पिल्लं खाणार," म्हणत त्यानं कोयत्यानं मला मधोमध तोडलं. माझा खालचा अर्धा भाग चिखलात पडला, पिल्लांसकट.

सकाळी हैबतराव आले आणि पेटलेच. "माजा दोर कापला कुनी?" दात-ओठ खात त्यांनी दोन्ही टोकांची गाठ मारली. नितेश धावत आला.

"हैबतकाका, ठेका माझा हाय!"

"तळ्याचा हाय, नदीचा नाय. दोर माजा, मी टांगलाय. लाव हात!"

नितेशनं हात लावला नाही. भारे आवळायला मला नेण्याचा विषयही पुन्हा निघाला नाही.

मग चिमानं वाडीतल्या बायका जमवल्या. त्यांनी जुनी काथ्याची पायपुसणी उसवून माझ्याशेजारी आणखी दोर सोडले. काळूनं पायथ्याशी खडबडीत दगड रचले. बंधाऱ्यावर वाट झाली!

नितेश अजून कोयता घेऊन काठावर फिरतो. फिरू दे. चिमाला दोर वळता येतो.

आता मी हिरवा, बुळबुळीत झालोय, आतून कुजतोय. दया येऊन मला सोडवायला येऊ नका, वाळत तर मुळीच घालू नका. मी इथं कामाला आहे.