होमोसिस्टीन आणि मागे पडणारं घड्याळ

रक्ततपासणीत होमोसिस्टीनचा आकडा सरळ आला तर घड्याळकाकांचं दुकान राहणार होतं. वाकडा आला तर कुलूप घालून लेकीच्या घरी मुक्काम. अट लेकीची. काकांच्या बोटांना मुंग्या यायच्या, आणि बारीक स्क्रू हातून निसटले की ते स्क्रूलाच शिव्या द्यायचे. डॉक्टरांनी समजावलं होतं, की शरीरात बी-बारा किंवा फॉलिक आम्ल कमी पडलं की हा होमोसिस्टीन नावाचा घटक रक्तात साचतो, आणि वाढलेला असला तर हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोकाही जास्त दिसतो.

रक्त न्यायला प्रयोगशाळेचा माणूस दुकानातच आला. नळी भरून त्याने पिशवीत ठेवली, मनगटाकडे पाहिलं नि पुटपुटला, हे मेलं रोज मागे पडतं. झालं! असं घड्याळ दुकानातून तसंच जाऊ द्यायचं म्हणजे काकांच्या लेखी ताटावरून पाहुणा उठवणं. त्यांनी त्याला बसवला, चहा पाजला आणि घड्याळ उघडलं. ऊन काउंटरवर चढलं तरी गप्पा सरेनात.

रिपोर्टातला आकडा आभाळाला टेकला होता. लेक नवंकोरं कुलूप घेऊनच हजर झाली.

काकांचा चेहरा उतरला. तरी निदान त्या माणसाचं घड्याळ कसं झकास चालायला लागलं, ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना.

"बाबा, तुम्ही घड्याळ उघडून बसला होता, तेव्हा नळी कुठे होती?"

"त्याच्या पिशवीत. कुठे पळून जाणार होती?"

लेकीने तिथूनच प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी नळी किती वाजता पोचली ते पाहिलं. मग म्हणाल्या, रक्त नळीत नुसतं पडून राहिलं की त्यातल्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. म्हणून नळी बर्फात ठेवायची आणि पेशी लवकर वेगळ्या काढायच्या. थोडक्यात, तो आकडा काकांचा कमी आणि पाहुणचाराचा जास्त होता.

पुढच्या खेपेला माणूस बर्फाचा डबा घेऊन आला आणि बसायचं नावच काढेना. आकडा जरासाच चढा निघाला. बी-बारा मात्र खरंच कमी. लेकीने तोंड वाकडं केलं, पण औषधाने उतरेल असं डॉक्टरच म्हणाल्यावर तिचा नाइलाज झाला.

आता हे कोणाला केवढ्याला पडलं? दुसरी तपासणी प्रयोगशाळेच्या माथी, बोलणी रक्तवाल्याला, दंडात सुया काकांना. आणि कुलूप दुकानदार परत घेईना, म्हणून ते लेकीच्या अंगावर. रोज संध्याकाळी ते काकांच्याच दुकानाला लागतं. किल्ली काकांच्या खिशात.