महाराजा रणजितसिंहांचा अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे. अमेरिकेतल्या फ्रीमाँटमध्ये एका गराजात, पुठ्ठ्याच्या खोक्यात मी राहतो. खऱ्या राजाच्या अंगावर मी कधीच नव्हतो. राजाचं काम करणाऱ्या एका भल्या माणसाच्या अंगावर होतो.

१९८० साली मालिनीकाकूंनी आपल्या हिरव्या शालूतून मला शिवलं, ते तरलोचनसिंगसाठी. तो पुण्यात शिकून इंजिनिअर झालेला, त्यामुळे मराठी झकास बोलायचा. काकूंना वहिनी म्हणायचा. काकूंचे यजमान राजाराम पेंडसे हे इथल्या भारतीय मंडळाचे अध्यक्ष आणि त्याचे जिवलग मित्र. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तरलोचन दरवर्षी महाराजा रणजितसिंहांचं चरित्र एकट्याने उभं करायचा.

"वहिनी, खरे महाराज अगदी साधे कपडे घालायचे हं," मला पहिल्यांदा पाहून तो हसला होता. "पण ही शालूची जर बघून तेही विरघळले असते!"

देवीच्या आजारात लहानपणीच एक डोळा गेलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी लाहोर जिंकतो. त्याच्या दरबारात मुसलमान मंत्री, हिंदू दिवाण, फिरंगी सेनानी. तो अमृतसरच्या हरिमंदिरावर सोनं चढवतो, काशीच्या विश्वनाथालाही सोनं अर्पण करतो. मग राजा जातो. घरचेच एकमेकांच्या जिवावर उठतात आणि दहा वर्षांत इंग्रज अख्खं राज्य गिळतात. इथे तरलोचनचा आवाज दरवर्षी कापायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मुलं माझी जर हात लावून बघायची.

मग १९८४ उजाडलं. दिल्लीत पंतप्रधानांची त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी हत्या केली आणि त्यानंतर निरपराध शिखांना घरांतून ओढून मारलं गेलं. त्यात तरलोचनचा मोठा भाऊ गेला. मंडळाचा कार्यक्रम पुढच्याच आठवड्यात होता. तरलोचन घरी आला तेव्हा काकू मलाच इस्त्री करत होत्या.

"यंदा महाराज नकोत," राजाराम त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आयटम कॅन्सल केलाय. मेंबर लोक चिडलेत."

"चिडलेत? राजाराम, भाऊ माझा मेला. त्या दरबारात सगळे एकत्र बसायचे, हे मुलांना आज नाही सांगायचं, तर कधी?"

"हे बघ, सुरुवात तुम्ही लोकांनी केलीत."

तुम्ही लोक! तरलोचनने काकूंकडे पाहिलं. काकू खाली बघत राहिल्या. इस्त्री तशीच माझ्या छातीवर राहिली आणि कापड जळल्याचा वास सुटला. तो निघून गेला. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. गरबा झाला, सिनेमाची गाणी झाली, जेवणं झाली. कुणी त्याची चौकशीसुद्धा केली नाही.

पुढे फॅन्सी ड्रेससाठी कुणीतरी माझ्या बाह्या कापल्या, जर उसवून नेली. १९८७ साली गराज आवरताना काकूंच्या मुलीने, कांचनने, मला बाहेर काढलं.

"मॉम, हूज इज धिस?"

"असंच गं, ड्रामाचं काहीतरी. टाकून दे," राजाराम म्हणाले.

"टाकायचं नाही," काकू म्हणाल्या. मला मांडीवर घेऊनच त्यांनी फोन लावला. "तरलोचन, मी मालिनीवहिनी बोलतेय. दिवाळीला घरी या ना सगळे."

पलीकडून अतिशय सभ्य इंग्रजी ऐकू आलं, "थँक यू फॉर कॉलिंग, मिसेस पेंडसे. वी विल बी बिझी." फोन बंद झाला तरी काकू रिसीव्हर कानाला लावून बसल्या होत्या.

मित्रांनो, मला वाळवी लागली तरी चालेल, कापडच ते. पण तुमच्या ओळखीच्या घरावर असा घाला पडला, तर चूक कुणाची याचा काथ्याकूट करत बसू नका. त्याच दिवशी जा, नुसते जवळ बसा. तरलोचन तेव्हा पलीकडच्याच गल्लीत राहत होता.